जांभ्याच्या जुन्या घरात ओल दरवर्षी त्याच जागी का फुटते

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून कमरेच्या वरपर्यंत ओल. रंगाचे पोपडे, पोपड्यांमागे पांढरी भुकटी, गिलाव्यावर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज. दरवर्षी गणपतीआधी सगळं खरवडायचं, पुट्टी भरायची, रंग द्यायचा. चतुर्थीला भिंत छान दिसायची. पुढच्या मे महिन्यात मुंबईहून येऊन घर उघडलं की तीच भिंत, तीच जागा, तेच पोपडे.

मालवण तालुक्यातल्या आमच्या घरात हे अकरा वर्षं चाललं. त्यात तीनदा गिलावा पूर्ण काढून नवा केला, एकदा वॉटरप्रूफ रसायन घातलेलं सिमेंट थापलं, एकदा तर खालच्या तीन फुटांना टाइल्स बसवल्या. टाइल्स लावल्यावर ओल त्यांच्या डोक्यावर, चार फुटांवर फुटली. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की आपण दुरुस्ती करत नाही आहोत, पाण्याला वर ढकलतो आहोत.

घर साधंच आहे. जांभ्याचे चिरे (तांबड्या दगडाचे कापलेले ठोकळे) मातीत रचलेले, भिंत दीड फूट जाड, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि पडवी, मागे न्हाणीघर. आजोबांच्या काळात आतून चुन्याचा गिलावा होता. पाया आणि जोतंही जांभ्याचंच, आणि मधे ओल अडवणारा थर कुठेच नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बहुतेक जुन्या घरांची हीच रचना आहे. देशावरच्या वाड्यांना यातलं बरंचसं लागू पडेल, पण तिथे पांढरीची माती आणि लाकडी सांगाडा असतो, त्याचं गणित थोडं वेगळं. मी मला माहीत असलेल्या जांभ्याबद्दलच लिहितो.

सगळ्यात आधी धोक्याचं. मातीत बांधलेल्या भिंतीचा तळ फार भिजला की आतली माती मऊ होते. भिंतीने पोट काढलं असेल, म्हणजे ती मधेच बाहेर फुगली असेल, कोपऱ्यात वरून खाली जाणारी नवी भेग पडली असेल, किंवा दाराची चौकट अचानक अडकायला लागली असेल, तर ओलीचा विचार बाजूला ठेवा. त्या खोलीत झोपू नका आणि बांधकाम जाणणाऱ्या माणसाला बोलवा. अशा भिंती भर पावसात बसतात. ओल्या भिंतीत विजेची जुनी वायर असेल तर ती आधी बंद करा.

आता मूळ प्रश्न. ओल हा एकच रोग नाही. ती पाच-सहा वाटांनी येते, दिसायला सारखी दिसते, आणि एका वाटेचा उपाय दुसऱ्या वाटेवर केला तर पैसे जातातच, वर कधीकधी भिंत अधिक बिघडते. आम्ही अकरा वर्षं जे करत होतो ते सगळं भिंतीच्या आतल्या अंगाला होतं. पाणी कुठून येतं हे एकदाही कोणी बाहेर जाऊन बघितलं नव्हतं.

पेन्सिल घ्या

मला सगळ्यात उपयोगी पडलेलं हत्यार म्हणजे पेन्सिल. ओल जिथे संपते तिथे भिंतीवर आडवी रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. दर खेपेला घरी गेलो की नवी रेघ. आमच्या भिंतीवर ऑगस्टच्या शेवटी रेघ जमिनीपासून ३९ इंचांवर होती, दिवाळीत ३७, फेब्रुवारीत ३४, मे महिन्यात २९.

मे महिन्यात २९ इंच! सात महिने पावसाचा थेंब नाही, आणि भिंत तरी गुडघ्याच्या वरपर्यंत ओली. भिंत पश्चिमेची असल्यामुळे घरातले सगळे इतकी वर्षं म्हणत होते की ही झडीची ओल आहे, नैर्ऋत्येचा वारा पाऊस भिंतीवर मारतो. झडीचं पाणी असतं तर ते पाऊस थांबल्यावर काही आठवड्यांत वाळलं असतं, आणि ते वरपासून खालपर्यंत धब्ब्याधब्ब्यांनी दिसलं असतं, अशी सरळ आडवी रेघ धरून नाही.

वेळ आणि आकार या दोनच गोष्टींवरून बहुतेक निदान होतं:

- जोराची सर आली आणि काही तासांत डाग गडद झाला, डाग वरून खाली ओघळलेला, कडा तपकिरी: कौलं बघा. फुटकं कौल, सरकलेला कोना (छपराच्या माथ्यावरचं कौल), वळचणीचा कुजलेला रीप. आमच्याकडे वानरं छपरावरून उड्या मारतात, त्यामुळे आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, शाकारणी करून कौलं नीट लावली तरी जुलैत पुन्हा एखादं कौल सरकलेलं असतंच. हा सगळ्यात सोपा प्रकार.
- पश्चिम किंवा दक्षिण भिंतीवर, खिडकीच्या भोवती, धब्ब्यांनी येणारी आणि दिवाळीपर्यंत वाळणारी: झड. चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, मोकळ्या झाल्या असतील किंवा बाहेरच्या सिमेंटला केसासारख्या भेगा असतील. भेगेतून पाणी आत जातं, सिमेंटमुळे परत बाहेर येत नाही.
- जमिनीपासून वर, साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत, आडव्या रेषेत, वरच्या कडेला पांढरी भुकटी, उन्हाळ्यातही पूर्ण न जाणारी: जमिनीतून चढणारी ओल.
- बारा महिने सारखीच, एकाच ठिकाणी, पावसाशी काही संबंध नाही: पाण्याचा पाइप, न्हाणीघराची फुटकी मोरी, शोषखड्डा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खुणेने बघा, सकाळी पुन्हा बघा.
- जूनमध्ये हवा दमट झाली की भिंतीला आणि फरशीला घाम फुटतो, थेंब दिसतात, कपाटामागे काळी बुरशी येते: ही पाण्याची गळती नाहीच, हवेतली वाफ गार पृष्ठभागावर बसते आहे.
- घराची मागची भिंत डोंगर कापून बसवलेली आणि मागची माती आतल्या फरशीपेक्षा उंच: डोंगराचं पाणी झिरपतं आहे. आत काहीही थापा, ते येतच राहणार.

एका भिंतीत दोन-तीन वाटा एकत्र असू शकतात. आमच्याकडे तीन होत्या.

शंका असेल तर या तीन चाचण्या

पहिली, प्लॅस्टिकची. हातभर लांबरुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या अंगावर असतील तर हवेची वाफ. भिंतीकडच्या अंगावर असतील तर पाणी भिंतीच्या आतून येतं आहे. पोपड्यांवर टेप चिकटत नाही, म्हणून आधी जागा घासून घ्या.

दुसरी, भुकटीची. पांढरं जे दिसतं ते बुरशी की क्षार? चिमूटभर पाण्यात टाका. क्षार असेल तर बराचसा विरघळतो. बुरशी विरघळत नाही, तिला वास असतो आणि ती बहुधा हिरवट किंवा काळसर असते. क्षाराला आमच्याकडची जुनी माणसं लोणा म्हणतात, "भिंतीक लोणो लागलो".

तिसरी जरा खटपटीची, पण ती केल्याशिवाय मोठा खर्च करू नका असं मी आग्रहाने सांगेन. ड्रिलने भिंतीत चार इंच आत जायचं आणि तिथली भुकटी काढायची: एकदा जमिनीपासून अर्ध्या फुटावर, एकदा दोन फुटांवर, एकदा पाच फुटांवर. ड्रिल सावकाश चालवा, गरम झालं तर ओल तिथेच उडून जाते. प्रत्येक भुकटी झाकणाच्या डबीत भरून लगेच वजन करा, ग्रॅमचा दशांश दाखवणारा लहान काटा पुरतो. मग तव्यावर अगदी मंद आचेवर कोरडी करून पुन्हा वजन करा. फरक म्हणजे पाणी. खाली खूप, मधे कमी, वर जवळपास काही नाही असं आलं तर पाणी जमिनीतून चढतं आहे यात शंका राहत नाही. वरही तितकंच ओलं निघालं तर जमीन सोडा आणि छपराकडे बघा.

तीच कोरडी भुकटी मग बशीत पसरून पावसाळी हवेत दोन दिवस उघडी ठेवा आणि तिसऱ्यांदा वजन करा. शेजारी स्वच्छ, नव्या चिऱ्याची भुकटी ठेवा. भिंतीची भुकटी नव्यापेक्षा खूप जास्त वजन घेत असेल तर तिच्यात क्षार आहेत आणि ते हवेतून पाणी ओढत आहेत. याचं महत्त्व शेवटी कळेल.

दोन टोकं भिंतीला टेकवून आकडा दाखवणारी यंत्रं मिळतात. त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. लोणा लागलेली भिंत कोरडी असली तरी क्षारांमुळे ती यंत्रं ओल दाखवतात. आमच्याकडे आलेल्या एका ठेकेदाराने असाच आकडा दाखवून पूर्ण भिंतीत रसायन भरण्याचा खर्च सांगितला होता. भिंतीत भोकं पाडून पाणी अडवणारं रसायन भरण्याची पद्धत खोटी नाही, विटांच्या सलग भिंतीत तिचा उपयोग होतो. पण जांभा भोकाभोकांचा दगड आहे आणि सांधे मातीचे. रसायन वाट मिळेल तिकडे जातं, सलग थर तयार होईल याची खात्री देता येत नाही. बाहेरची कारणं काढल्यावरही ओल राहिली तरच तिचा विचार करा.

आमच्याकडे नेमकं काय झालं होतं

जुन्या रेघा आणि जुने फोटो शेजारी ठेवल्यावर उलगडलं. लहानपणीच्या फोटोत घरापुढे शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आहे आणि जोतं त्याच्यावर चांगलं दीड-दोन फूट उठून दिसतं. आता पश्चिमेच्या बाजूला जोतं जेमतेम चार इंच दिसतं. आधी भर घातली, मग गाडी आत यावी म्हणून काँक्रीट केलं, आणि काँक्रीटचा उतार घराकडे. काँक्रीट झाल्यावर दोन पावसाळ्यांत ओल सुरू झाली. अकरा वर्षांचा हिशेब तिथे जुळला.

पूर्वी जमिनीतली ओल सारवलेल्या अंगणातून हवेत जायची. काँक्रीटने ती वाट बंद केली. जमिनीतली ओल मग जिथे वाट मिळेल तिथून निघते, आणि काँक्रीटच्या कडेला पहिली वाट म्हणजे भिंत. शिवाय वळचणीच्या पागोळ्या. मातीवर पडणारा थेंब मातीत जिरतो, काँक्रीटवर पडणारा उडून भिंतीवर येतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एका छपराची ती सगळी धार चार महिने भिंतीच्या पायथ्याशी आपटत होती.

दुसरं, सिमेंट. चुन्याचा गिलावा वाफेला आरपार जाऊ देतो. भिंत खालून थोडं पाणी पिते आणि दोन्ही अंगांनी ते हवेला देऊन टाकते. जुन्या घरांत ओल अडवणारा थर नसूनही ती शंभर वर्षं उभी राहिली ती या देवाणघेवाणीवर. सिमेंटचा घट्ट गिलावा आणि त्यावर पुट्टी, ॲक्रिलिक रंग लावला की भिंतीला रेनकोट घातल्यासारखं होतं. पाणी तर येतच राहतं, फक्त आत साठतं आणि वर चढत जातं, जिथे सिमेंट संपेल किंवा फुटेल तिथे बाहेर पडतं. बाहेर पडताना पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलाव्याला मागून ढकलतात. पोपडे निघतात ते यामुळे. रंगाच्या कंपनीला दोष देऊन काही होत नाही.

सिमेंट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, आणि नव्या बांधकामात त्याला तोड नाही. पण मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंतीला ते मानवत नाही.

गावातले एक म्हातारे मेस्त्री, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत येऊन भिंतीवर हात फिरवून एवढंच म्हणाले, "अरे झिला, भिंतीक वारो व्हयो, रंग कित्याक?" म्हणजे भिंतीला वारा हवा, रंग कशाला. त्यांच्या वडलांनी हे घर बांधायला हात लावला होता. अकरा वर्षांत त्यांना विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाहेरचं काम आधी, आणि आत काहीही करायच्या आधी

भिंतीला लागून अडीच फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी कापून काढली. माती नऊ इंच उतरवली, जोतं पुन्हा दिसायला लागलं. त्या चरात जाड खडी भरली आणि तळाला भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप उतारावर टाकून खालच्या बागेत सोडला. इथे दोन गोष्टी काळजीने करा. चराला बाहेर जायची वाट नसेल तर तो चर नाही, पायाशी बांधलेली टाकी आहे. आणि पायाच्या तळापेक्षा खोल कधीही खणू नका. मातीत रचलेला पाया एका बाजूने उघडा पडला की सरकू शकतो. आम्ही एकावेळी सहा-सात फूटच उघडत गेलो.

उरलेल्या अंगणाचा उतार घरापासून बाहेर केला, फुटाला पाव इंच या हिशेबाने. वळचणीला पन्हळ लावली. पन्हळ बसवणाराने ती फारच सपाट बसवली होती, पहिल्याच मोठ्या सरीला मधूनच ओसंडली, म्हणून पुन्हा उतार देऊन घेतली. पन्हळीत आंब्याची पानं साठतात, जुलैत एकदा हात घालावाच लागतो. ज्यांना पन्हळ नको त्यांनी निदान पागोळ्यांच्या रेषेत खडीची पट्टी करावी, थेंब उडायचा थांबतो.

भिंतीला टेकून ठेवलेली जळाऊ लाकडं, चिरे, कुंड्या हलवा. भिंतीलगतचं जास्वंदीचं आळं आईने फार नाखुशीने हलवू दिलं. पण रोज दोन तांबे पाणी नेमकं जोत्यात घालत होतो आपण.

मागे डोंगर असेल तर घरापासून लांब, वरच्या अंगाला चर मारून पाणी वळसा घालून न्यावं लागतं. दरड कच्ची असेल तर ते काम जाणकाराशिवाय करू नका.

एवढं करून एक पावसाळा जाऊ द्या. आम्ही दिला. पुढच्या ऑगस्टला रेघ २६ इंचांवर थांबली, आदल्या मे महिन्यापेक्षाही खाली. आतल्या भिंतीला तोपर्यंत हातही लावला नव्हता.

मग आतून

वेळ महत्त्वाची. आमची अकरा वर्षांची सगळ्यात मोठी चूक हीच, की काम श्रावणात व्हायचं. सुट्टी गणपतीची, पाहुणे गणपतीचे, म्हणून रंगही गणपतीआधी, म्हणजे भिंत वर्षात सगळ्यात जास्त ओली असते तेव्हा. मुंबईत राहणाऱ्या सगळ्यांनाच ही अडचण आहे, मला कळते. पण गिलाव्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याच्या आत संपवायचं, यावर तडजोड नाही. गणपतीत भिंत अगदीच वाईट दिसत असेल तर सैल पोपडे झाडून पातळ चुन्याची सफेदी मारा. ती ओलसर भिंतीवरही बसते आणि भिंतीचा श्वास अडवत नाही.

सिमेंट काढताना ओलीच्या रेघेच्या वर दीड फुटापर्यंत काढा. छिन्नी-हातोडीने, हाताने. ब्रेकर लावला की चिऱ्याचा कडक झालेला पृष्ठभाग तुटतो आणि आतला मऊ जांभा उघडा पडतो. मग भिंत उघडी ठेवा. साधारण हिशेब असा धरतात की इंचभर जाडी वाळायला महिना लागतो. दीड फूट भिंत दोन्ही अंगांनी उघडी असली तरी एका हिवाळ्यात पूर्ण वाळत नाही, पण चुन्याच्या गिलाव्याला तेवढी कोरडी भिंत लागतही नाही. आम्ही ऑक्टोबरअखेर ते जानेवारीअखेर उघडी ठेवली. घरातल्यांना तीन महिने उघडे चिरे बघवत नव्हते, हे खरं. चौकटीचा आणि वाशांचा भिंतीत शिरलेला भाग याच वेळी टोच्याने तपासा, टोच्या सहज आत गेला तर लाकूड कुजलेलं आहे, आणि जिथे ओल तिथे वाळवी आलेली असतेच.

गिलावा आम्ही असा केला: १ भाग विरवलेला (पाणी घालून फोडलेला) चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची बारीक भुकटी. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत फार सावकाश घट्ट होतो, सुरखीमुळे तो दमट हवेतही धरतो. कळीचा चुना घरी विरवणार असाल तर डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे घालूनच, पाणी अक्षरशः उकळतं आणि उडतं. मुलांना लांब ठेवा. विरवलेला चुना पाण्याखाली महिनाभर तरी मुरू द्यावा, जितका जुना तितका लोण्यासारखा होतो. पूर्वी किनाऱ्याला शिंपल्या भाजून चुना करत, तो मिळाला तर उत्तमच. गूळ, हिरडा, बेलफळ घालायच्या कृती लोक सांगतात. साध्या घराच्या साध्या भिंतीला त्यांची गरज पडली नाही.

वाळू नीट बघा. आमच्या भागात खाडीची वाळू सर्रास मिळते आणि ती खारट असते. ती न धुता वापरली तर नवा लोणा तुम्ही स्वतः विकत आणला. जिभेला लावून बघा, कळतं. आमच्या दुसऱ्या खेपेचा गिलावा याच वाळूने वर्षभरात फुटला होता.

थर पातळ द्या, अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, आणि दोन थरांत आठवडाभर अंतर. उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं टांगा, गिलावा फार लवकर वाळला तर भुसभुशीत होतो. वरून पुट्टी नाही, ऑइल पेंट नाही, डिस्टेंपर नाही. चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ, पाच हात. रंग हवा असेल तर त्यात पिवळी किंवा तांबडी माती घाला. पातळ हातांना कंटाळून जाड दोन हात मारले तर ते पापुद्रे होऊन निघतात. हात लावला की कपड्याला पांढरं लागतं अशी तक्रार येते. थोडं लागतं, एवढं सोसावं.

बंद घराचा प्रश्न

पूर्वी घरात दिवसभर चूल पेटलेली असायची. धूर कौलांतून निघायचा, आणि त्याबरोबर घरातली दमट हवाही. आता घराला जूनमध्ये कुलूप लागतं आणि गणपतीला उघडतं. अडीच महिने आतली हवा हलत नाही. बुरशी आणि घाम यांचं कारण तिथेच असतं, आणि त्याला गिलावा कितीही चांगला केला तरी उपाय नाही.

आम्ही समोरासमोरच्या दोन खिडक्यांच्या वरच्या झडपांना जाळी लावून त्या कायम उघड्या ठेवल्या. पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून झापांचा, म्हणजे माडाच्या विणलेल्या पानांचा, आडोसा बांधला, निळ्या प्लॅस्टिकचा नाही, प्लॅस्टिक वाराही अडवतं. कपाटं आणि पेट्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढल्या, गाद्या माळ्यावर. शेजारच्या काकी उघडीप असली की येऊन दुपारी दोन तास दारं उघडतात. सर सुरू असताना उघडायची नाहीत, तेव्हा बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते.

उरलेला एक डाग

आज ती भिंत चौथा पावसाळा बघून झाली. गेल्या ऑगस्टची रेघ ११ इंचांवर होती, आणि मे महिन्यात हाताला ओल लागत नाही. शून्य झाली नाही, होणारही नाही, खाली ओल अडवणारा थर नाही आणि जांभा पाणी पिणारच.

पण उत्तरेच्या टोकाला परातीएवढा डाग दर जूनला अजून उठतो. पाऊस यायच्याही आधी, नुसती हवा दमट झाली की. तिथल्या भुकटीने बशीतल्या चाचणीत नव्या चिऱ्याच्या कितीतरी पट वजन घेतलं होतं. चुलत्यांना विचारलं तेव्हा कळलं की त्या भिंतीमागे पूर्वी गोठा होता. अनेक वर्षांचं गोमूत्र जमिनीत आणि भिंतीत मुरलेलं, त्याचे नायट्रेटचे क्षार. साधं मीठ हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढतं, नायट्रेटचे काही क्षार त्याच्याही बऱ्याच आधी. कोकणातला पावसाळा म्हणजे चार महिने त्याच्या वरच. अशा डागाखाली गळती शोधत बसू नका, ती नसते.

तो कमी करता येतो. आम्ही जानेवारीत तिथला गिलावा काढून, कागदाचा लगदा आणि चिकणमाती गोड्या पाण्यात कालवून बोटभर जाड लेप दिला. लेप वाळताना भिंतीतले क्षार पाण्याबरोबर त्यात ओढले जातात. पूर्ण वाळला की उचकटून लांब टाकायचा, पुन्हा नवा. तीनदा केलं. डाग परातीचा ताटाएवढा झाला. आता तिथे फक्त वाळू-चुन्याचा कच्चा गिलावा आहे, मुद्दाम मऊ ठेवलेला, म्हणजे क्षार त्याला खातील आणि चिरा वाचेल. तीन-चार वर्षांनी तेवढा तुकडा बदलायचा.

दर फेब्रुवारीत तिथे जी पांढरी भुकटी येते ती कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं लावलं तर ती विरघळून परत भिंतीत जाते. झाडताना खाली कागद पसरा, आणि कागद उचलून घरापासून लांब रिकामा करा, जोत्याशी नाही.